आजोबांच्या शब्दांच्या दोन याद्या

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

तुमची डिसेंबरची तिकिटं काढून झाली असं तुमच्या आईने काल कळवलं, म्हणून हे आज लिहायला बसले आहे. आणखी उशीर केला तर तुम्ही दारात येऊन उभे राहाल आणि मला हे तोंडी सांगावं लागेल. तोंडी सांगताना मी स्वतःला सवलत देईन. लिहिताना ती देता येत नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, ते मला ठाऊक आहे. आईकडून वाचून घ्या, पण सगळं घ्या. कंटाळा आला म्हणून मधलं गाळू देऊ नका.

थोरलीने मे महिन्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. आजोबा कोणते शब्द बोलतात आणि त्यांना खरं काय म्हणायचं असतं, याची यादी. "आजी, ती लिस्ट पाठव ना. मी फोनमध्ये टाकते. आजोबा बोलले की फोन मीनिंग सांगेल, मग आम्ही आलो की आम्हाला पण त्यांच्याशी बोलता येईल." तेव्हापासून सहा महिने मी तिला सांगते आहे की यादी नीट करून पाठवते. ते खरं नव्हतं. यादी मी मोडली आहे आणि ती पुन्हा जुळणार नाही. ते कसं झालं, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

या जानेवारीत संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. आजोबा सकाळी दाढी करता करता स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. दहा दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, पण ते चालत होते. बोलतही होते, अगदी पूर्वीसारखं ठासून, डावा हात हलवून. फक्त शब्द भलतेच. सोफ्यावर टेकल्या टेकल्या मला म्हणाले, "अगं, कूलंट आण."

"काय आणू?" मी विचारलं.

"कूलंट! कूलंट!" ते चिडले, आणि मग डाव्या हाताने कप तोंडाला लावल्यासारखं केलं. त्यांना चहा हवा होता.

तुम्हाला माहीत आहे की आजोबांनी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंग काढली. पंपांची, व्हॉल्व्हची, त्यांच्या एकेका चकतीची. घरातले शब्द त्या गाठीखाली दबले आणि कारखान्यातले वर आले, असं मला वाटायचं. चष्म्याला ते गेज म्हणायचे. चादरीला तिरपाल. संडासला जायचं असलं की गेटपास. पण सगळंच काही कारखान्यातलं नव्हतं. काही गोड हवं असलं की म्हणायचे, "खजराना दे." ते समजण्यासारखं होतं, तिथल्या गणपतीचा लाडू आमच्या घरात दर बुधवारी येत असे. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून म्हणायचे, "गौतमपुरा बंद कर!" दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात दोन गट हिंगोट, म्हणजे दारू भरलेली रानफळं, पेटवून एकमेकांवर फेकतात. आम्ही एकदा ते बघायला गेलो होतो आणि आजोबा घाबरून जीपखाली शिरले होते. तेही समजलं. पण कंगव्याला रविवार का, याचं उत्तर मला कधी मिळालं नाही.

त्यांच्या बोलण्यावर उपचार करायला एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा येत असत. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. "अंकलजी, ये क्या है?" आजोबा पूर्ण आत्मविश्वासाने म्हणायचे, "रविवार." त्या हसायच्या नाहीत, ते मला आवडायचं. त्यांनीच मला सांगितलं, "आंटीजी, लिखते जाइए. कुछ शब्द रोज बदलेंगे, पर कुछ पक्के हो जाते हैं. पक्के वालों से घर चल जाता है."

लिहून ठेवणं हे माझं काम आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, आणि शेवटची बरीच वर्षं प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरवर गणिताचं सॉफ्टवेअर शिकवलं. त्यात पहिला धडा यादीचा असतो. महिरपी कंसात एकामागून एक गोष्टी लिहायच्या, मध्ये स्वल्पविराम. त्या आकडे असू शकतात, शब्द असू शकतात, काहीही. व्हेक्टर म्हणजेही तशीच यादी, पण तिथे जागेला अर्थ असतो. तिसऱ्या जागेवरचा आकडा तिसऱ्याच जागेवर हवा. दोन व्हेक्टरांची बेरीज करा म्हटलं की सॉफ्टवेअर पहिल्यात पहिला मिळवतं, दुसऱ्यात दुसरा. कोण कोणाचा जोडीदार, हे त्याला दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. जागा एक, म्हणून जोडी.

दरवर्षी मी वर्गात हे सांगायचे आणि दरवर्षी कोणीतरी एक चूक करायचं. एकदा परीक्षेत एका मुलीला दोन याद्या दिल्या होत्या, पन्नास माणसांच्या उंच्या आणि त्याच पन्नास माणसांची वजनं. तिने दोन्ही वेगवेगळ्या लहानाकडून मोठ्याकडे लावल्या आणि मग आलेख काढला. सुंदर चढती रेघ आली. मी शून्य दिलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पर मैडम, नंबर तो सारे वही हैं!"

"नंबर वही हैं," मी म्हणाले, "आदमी बदल गए."

हे वाक्य नंतर कॉलेजात माझी नक्कल म्हणून चालायचं. मला त्याचा अभिमान होता.

फेब्रुवारीपासून मी आजोबांच्या शब्दांच्या दोन याद्या केल्या. पहिलीत त्यांचा शब्द, दुसरीत त्याच जागेवर त्याचा अर्थ. पहिल्या जागी कूलंट, आणि दुसऱ्या यादीत पहिल्या जागी चहा. शब्द रोमन अक्षरांत लिहायचे, कारण माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या आवृत्तीला देवनागरी येत नव्हती. मग एक छोटी आज्ञा लिहून ठेवली: शब्द टाकला की त्याची पहिल्या यादीतली जागा शोधायची आणि दुसऱ्या यादीतल्या त्या जागेवर काय आहे ते दाखवायचं. दोन रकान्यांचा एक तक्ता केला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण प्रॅक्टिकलला इतकी वर्षं क्षची यादी वेगळी आणि यची वेगळी असंच शिकवलेलं. हात तिकडेच गेला.

दिवसभर स्वयंपाकघरात चिठ्ठ्यांवर टिपून घ्यायचं आणि चार वाजता बसून लॅपटॉपमध्ये भरायचं. भरून झालं की चिठ्ठी चार तुकडे करून सुक्या कचऱ्याच्या डब्यात. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी दोन्हींत फरक पडतो आणि मग खरं कोणतं, हे कळत नाही. कच्चं काम ठेवायचं नाही, हा माझा नियम वर्गातही होता.

त्या तीन महिन्यांत आमचं बरं चाललं होतं, हेही सांगायला हवं. आजोबांच्या कारखान्यात लेथवर काम करणारे एक जुने टर्नर दर गुरुवारी शेव घेऊन येत. तुम्ही लहान असताना त्यांनी तुम्हाला लाकडाचे भोवरे करून दिले होते. पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच ओरडले, "क्या भिया, क्या हाल बना लिए?"

"फर्स्ट क्लास," आजोबा म्हणाले. हे शब्द शाबूत होते. मग माझ्याकडे हात करून, "बैठो. स्केल कूलंट लाएगी."

टर्नरभाऊ इतके हसले की शेवेचा पुडा खाली पडला. "भाभीजी, माफ करना. कारखाने में आपका यही नाम था. टिफिन हमेशा बारह पच्चीस पे, और डिब्बे पे चिट, कि पहले कौन-सा खाना है! तीस साल पीठ पीछे बोले, और भिया ने आज मुँह पे बोल दिया!"

आजोबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मीही हसले. स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठी लिहिली: स्केल, आणि पुढे, मी.

सुरुवातीच्या जागांवर नुसत्या वस्तू होत्या. उशी, पंखा, पेपर, चप्पल. एप्रिलपासून वाक्यं यायला लागली. म्हणजे आजोबा एखादाच शब्द म्हणायचे, पण त्यामागे वाक्य असायचं, आणि मी अर्धा अर्धा तास हो-नाही विचारत विचारत तिथे पोचायचे. "दुखतंय?" नाही. "कोणी यायचं आहे?" नाही. "घराबद्दल आहे?" हो. असं करत. शेवटी बरोबर ओळखलं की ते डोळे मिटून हळूच मान हलवायचे, जणू जड सामान खाली ठेवलं. दुसऱ्या यादीत म्हणून अशाही जागा आहेत: अंगणातलं झाड कोणी कापलं. तुझी गोळी घेतलीस का. मला आत एकट्याला झोपायला नको. अशा प्रत्येकाला अर्धा तास लागलेला आहे. मे महिन्यात दोनशे चौदा जागा भरल्या होत्या.

आणि मग थोरलीने यादी मागितली.

यात तुझी चूक नाही, हे आधीच सांगते. तू नुसतं पाठव म्हणालीस. तशीच पाठवणं मला जमेना. कूलंट, गेज, गेटपास, मग मध्येच रविवार, ना आगा ना पीछा. माझ्या नातीच्या हातात माझ्या नावाने जाणारी गोष्ट अशी दिसावी? अकारविल्हे लावून पाठवू, असं ठरवलं. दुपारी आजोबा झोपले होते. मी पहिल्या यादीला क्रम लावायची आज्ञा दिली, आणि लावलेली यादी त्याच नावात परत ठेवली. दुसऱ्या यादीला हात लावला नाही. पडद्यावर शब्द एकाखाली एक कसे शहाण्यासारखे उभे राहिले. मी फाइल त्याच नावाने जतन केली, सॉफ्टवेअर बंद केलं, लॅपटॉप पुसला आणि चहा टाकला. फार समाधान वाटलं. ते समाधान मला आजही आठवतं, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

सॉफ्टवेअर काही बोललं नाही. ते का बोलेल? इकडे दोनशे चौदा आणि तिकडेही दोनशे चौदा. लांबी चुकली असती तर त्याने लाल अक्षरांत तक्रार केली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आजोबा दारात येऊन म्हणाले, "तराजू."

हा शब्द मी भरलेला आहे एवढं आठवत होतं, अर्थ आठवेना. लॅपटॉप उघडला, शब्द टाकला. उत्तर आलं, पंखा बंद कर. पंखा बंदच होता.

"तराजू, अगं, तराजू."

मला वाटलं माझं टाइप करण्यात काही चुकलं. म्हणून पक्का ठाऊक असलेला शब्द टाकला, कूलंट. उत्तर आलं, इस्त्रीचे कपडे आले का.

तेव्हा कळलं. नंबर वही हैं. आजोबा दारात उभे राहून तराजू म्हणत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. थोड्या वेळाने ते परत जाऊन बसले. त्यांना त्या दिवशी काय हवं होतं, हे मला अजून माहीत नाही.

तुमच्या आईला फोन केला. तिथे दुपार होती, ती ऑफिसात होती.

"आई, अनडू करून बघ."

"बंद केलं होतं मी काल."

"मग जुनी फाइल असेल."

"त्याच नावाने ठेवली."

"कोणाला मेल केलीस? पेन ड्राइव्ह?"

"नाही."

"बरं, मग कागद. तू आधी कागदावर लिहितेस ना?"

"फाडले."

ती मग म्हणाली, "तू फाडलेस? माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या तीन झेरॉक्स तीन कपाटांत ठेवणारी तू?"

"मार्कशीट म्हणजे कच्चं काम नव्हे," मी म्हणाले. तेव्हाही मी उलट उत्तरच देत होते. मग मी तिला म्हणाले की मुलांना सांगू नकोस, मी जुळवते. तिने सांगितलं नाही. तिच्यावर रागावू नका.

फोन ठेवून मी सुक्या कचऱ्याचा डबा उपडा केला. त्यात आदल्या दिवशीच्या एका चिठ्ठीचे तुकडे होते, बाकी दुधाच्या पिशव्या. तेवढ्यात कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. मी डबा न घेताच खाली गेले आणि गाडीवरच्या बाईंना विचारलं की परवाचे, तेरवाचे कागद कुठे असतील.

"माताजी, सूखा तो रोज का रोज जाता है," त्या म्हणाल्या. "कोई गहना गिर गया क्या?"

"नहीं. कागज़ थे."

"कागज़!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना माझीच काळजी वाटली असावी. शेजारच्यांनी त्यांचा निळा डबा गाडीत रिकामा केला आणि गाडी पुढे गेली.

मग मी हिशेबाने विचार केला, कारण मला तेवढंच येतं. पहिल्या शब्दाला दोनशे चौदा अर्थ असू शकतात, तो ठरला की दुसऱ्याला दोनशे तेरा, आणि असं गुणत खाली. उत्तर चारशेहून जास्त आकड्यांची संख्या येते. त्यातली जुळणी एकच बरोबर. जे मला आठवत होतं, ते आधी बाजूला काढलं. खात्रीने, शपथेवर सांगता येतील अशा एकतीस जोड्या निघाल्या. तुम्हाला वाटेल एवढ्याच? मलाही तसंच वाटलं. पण मी आठवणीत ठेवलंच नव्हतं. लॅपटॉपमध्ये आहे, म्हणून निश्चिंत होते.

उरलेले आजोबांनाच विचारायचे, असं ठरवून रोज दुपारी तीन ते पाच आम्ही दोघं बसायला लागलो. इथे एक गोष्ट लक्षात आली जी मला आधीच लक्षात यायला हवी होती. आजोबांचे कान धड होते. मी "कूलंट" म्हटलं की त्यांना लेथवर ओततात ते दुधाळ पाणीच समजायचं. मी "तराजू" म्हटलं की ते तराजूच समजायचे, आणि इकडेतिकडे बघायचे की ही बाई काय तोलायला निघाली आहे. चुकीचा शब्द फक्त त्यांच्या तोंडून निघताना चुकीचा होत होता. आमची वाट एकाच दिशेची होती. त्यांनी स्वतःहून बोलावं आणि मी ओळखावं, एवढंच शक्य होतं, आणि तोवर ते कमी बोलायला लागले होते. रोज दोन तास एक बाई समोर बसून आपल्याला "शटर? पाना? छत्री?" विचारते आहे, म्हटल्यावर कोण बोलेल? एकदा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि खिशात घातली. पुढच्या दिवशी मी दुसरी आणली.

तुम्ही म्हणाल, चहा हवा का हे तर विचारता येतं. हो, येतं. चहा, गोळी, पंखा, संडास हे सगळं विचारून भागतं, आजही भागतं. यादी त्यासाठी नव्हती. जे विचारायचं माझ्या डोक्यातच येणार नाही, त्यासाठी होती.

दुसऱ्या यादीत एकशे एकेचाळिसाव्या जागी मी लिहिलं आहे: मुलं कधी येणार. मुलं म्हणजे तुम्ही दोघं. तो दिवस मला पूर्ण आठवतो. एप्रिलचा शेवट होता, मी कैऱ्या किसत होते, आजोबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. एक शब्द म्हणाले. मी किसणी खाली ठेवली. खायचं का, फिरायला जायचं का, टर्नरभाऊंना बोलवायचं का, सगळं विचारून झालं. त्यांनी डावा तळहात टेबलापासून थोडा वर धरला, मग आणखी थोडा वर. एक लहान, एक मोठं. "मुलं?" हो. "मुलं कशी आहेत?" नाही. "फोन करायचा?" नाही. "मुलं कधी येणार?" त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मी सांगितलं, डिसेंबरात. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मी चिठ्ठी लिहिली. कैरीचा हात होता म्हणून चिठ्ठीला हिरवा डाग पडला होता, तो डागही आठवतो. शब्द आठवत नाही.

मी इतर जागा वापरून तो शोधायचा प्रयत्न केला. आठवणाऱ्या जोड्या वगळल्या, जे शब्द फेब्रुवारी-मार्चमधले हे नक्की होतं ते वगळले, जे मेमधले होते तेही. सात शब्द उरले: शटर, पाना, छत्री, तराजू, बॉयलर, मंगळवार, दोरी. या सातांपैकी एक म्हणजे तुम्ही. त्याच्या पलीकडे मला जाता आलं नाही.

आणि आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मी सहा महिने घेतले. यादी मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दारात उभे राहून तराजू म्हणत होते. तो शब्द या सातांत आहे.

जूनमध्ये ते एकदा खिडकीपाशी बसून "शटर" म्हणाले. मी धावत गेले आणि म्हणाले, "मुलं डिसेंबरात येणार आहेत. सांगितलं होतं ना? डिसेंबरात." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. पण डोळे मिटले नाहीत. दमले की ते कशालाही मान हलवतात. मग मी खिडकी लावली, पडदा ओढला, तेव्हाही मान हलवली.

जुलैत दुसरा झटका आला. तो लहान होता असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत घरी आलो. हात होता तेवढाच लुळा, चालणं थोडं मंद. त्या दिवशी सोफ्यावर बसून आजोबा म्हणाले, "सांवेर." कारखान्याचा रस्ता ज्या गावाला जातो, त्याचं नाव.

"चहा हवा?" मी विचारलं. मान हलली. दुपारी म्हणाले, "सांवेर." चादर हवी होती. संध्याकाळी माझ्याकडे बोट दाखवून टर्नरभाऊंना म्हणाले, "सांवेर." टर्नरभाऊ त्या दिवशी हसले नाहीत. "हाँ भिया," म्हणाले, "चलेंगे सांवेर. बस आने दो." आणि शेव माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून लवकर गेले. आता ते दर गुरुवारी येत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हापासून एकच शब्द आहे. पहिली यादी आज नव्याने केली तर तिच्या प्रत्येक जागी तोच येईल, आणि अशा यादीवरून काहीही शोधता येत नाही. उपचार करणाऱ्या बाई ऑक्टोबरपर्यंत येत होत्या. शेवटच्या दिवशी पत्ते पेटीत भरताना म्हणाल्या, "आंटीजी, अब इनको सुनाते रहिए. बोलने की उम्मीद मत रखिए." त्यांनी उगाच धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तर तुम्हाला इथे काय दिसेल, ते सांगून ठेवते. दार मी उघडेन. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत असतील. ते तुम्हाला ओळखतील, असं मला वाटतं. खात्री नाही, दुपारनंतर त्यांना बरंच धूसर होतं. ते "सांवेर" म्हणतील. तुम्ही माझ्याकडे पाहू नका, कारण मला त्याचा अर्थ माहीत नसेल. हो-नाही विचारायला तुम्ही हवं तर सुरुवात करा, पण चार-पाच प्रश्नांनंतर ते डोळे उघडे ठेवूनच मान हलवतील, आणि मग थांबायचं. थोरलीने फोनसाठी जे काही करून ठेवलं असेल, ते आणू नये. धाकट्याने त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसावं, म्हणजे त्यांना मान वर करावी लागणार नाही.

मी ती फाइल आता उघडत नाही. पण काल, हे लिहायच्या आधी, एकदा उघडली आणि दोन्ही याद्यांची लांबी मोजली. पहिली यादी आहे: दोनशे चौदा शब्द, रोमन अक्षरांच्या क्रमाने, आणि त्यातल्या एकशे त्र्याऐंशींचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नाही. एकतीस जोड्या मी वेगळ्या कागदावर लिहून फ्रिजला लावल्या आहेत. दुसऱ्या यादीला मी त्या दुपारी हात लावला नव्हता, त्यामुळे आजोबांनी तीन महिन्यांत जे जे मागितलं, ते त्यांनी मागितलं त्याच क्रमाने आहे. तिच्या एकशे एकेचाळिसाव्या जागी "मुलं कधी येणार" आहे. ती जागा हललेली नाही.